सर जॉन सोन यांचं घर: संसदेच्या कायद्याने जसंच्या तसं राखलेलं संग्रहालय

उंबरठा (धागाकर्ती)

लंडनला जाऊन आलेले आपल्यातले बहुतेक जण ब्रिटिश म्युझियम बघून आलेले असतात. तिथून पायी पंधराएक मिनिटांवर लिंकन्स इन फील्ड्स नावाचा चौक आहे. मधे मोठी बाग आणि भोवती जुन्या इमारती. बागेच्या उत्तरेला १३ नंबरचं घर आहे. त्या घरात शिरल्याशिवाय कुणी लंडनहून परतू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

घर सर जॉन सोन (१७५३–१८३७) या वास्तुरचनाकाराचं. वडील विटा रचणारे गवंडी. पोरगा रॉयल अकादमीत शिकला, राजाच्या शिष्यवृत्तीवर इटली बघून आला आणि १७८८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा आर्किटेक्ट झाला, तो थेट १८३३ पर्यंत. बायको एलिझा हिच्या नातलगाची इस्टेट या दोघांकडे आली आणि हातात पैसा खेळू लागला. १७९२ मध्ये त्यांनी १२ नंबरचं घर घेतलं, पाडलं आणि नव्याने बांधलं. मग १८०७ मध्ये शेजारचं १३ नंबर, १८२३ मध्ये १४ नंबर. पुढून तीन वेगवेगळी घरं दिसतात, पण मागच्या अंगाला भिंती फोडून सगळं एकमेकांत मिसळून टाकलेलं आहे. त्या मागच्या भागातच खरा खजिना आहे: रोमन कलश, ग्रीक देवळांचे तुकडे, पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे (म्हणजे साच्यातून ओतून काढलेल्या नकला), होगार्थ आणि कॅनालेट्टोची चित्रं, इजिप्तच्या राजाची शवपेटी. एकूण वस्तू ४५ हजारांच्या घरात जातात, त्यातली तीस हजारांवर तर नुसती वास्तुरेखाटनं आहेत.

आत शिरल्यावर आधी लाल रंगाचं ग्रंथालय आणि जेवणघर लागतं. तिथपर्यंत वाटतं, ठीक आहे, एका श्रीमंत माणसाचं घर. पुढे न्याहारीची खोली येते आणि पाय थबकतात. खोली अगदी लहान. वर उथळ घुमट, चार बारीक आधारांवर टेकलेला, पण भिंतींपासून सुटा. घुमट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून उजेड भिंतीवरून खाली ओघळतो, पण तो येतो कुठून ते काही दिसत नाही, कारण वरची खिडकी घुमटाच्या आड लपवली आहे. घुमटाच्या चारही कोपऱ्यांत बहिर्गोल आरसे बसवलेत. मान वर करून पाहिलं की प्रत्येक आरशात सगळी खोली, खिडकीबाहेरचं अंगण आणि आपण, सगळं इवलंसं होऊन दिसतं. इतक्या छोट्या जागेत इतका मोकळेपणा मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेला नाही.

दुसरी सांगायलाच हवी अशी जागा म्हणजे चित्रांची खोली. साधारण साडेतेरा फूट बाय सव्वाबारा फूट. एवढ्याशा खोलीत ११८ चित्रं! सोनने भिंतीच दारांसारख्या उघडणाऱ्या केल्या. तिथला सेवक सगळ्यांना मागे सरायला सांगतो, पितळी मूठ धरून अख्खी भिंत ओढतो आणि आत चित्रांची दुसरी रांग दिसते. होगार्थची ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची मालिका इथेच आहे. बापाचा पैसा हातात आलेला तरुण जुगारात, बायांच्या नादात सगळं उधळतो, कर्जापायी तुरुंगात जातो आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. ही आठ चित्रं सोनने १८०२ मध्ये ५७० गिनींना घेतली. दक्षिणेकडची भिंत उघडली की मागे भिंतच नाही! समोर पोकळी, तिच्यात एका अप्सरेचा पुतळा, आणि खाली तळघरातला ‘संन्याशाचा दिवाणखाना’ दिसतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजींच्या तोंडून ‘ओह’ निघालं आणि त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हे ‘घर आणि त्यात ठेवलेला संग्रह’ असं दुपेडी प्रकरण नाही. कुठली मूर्ती कुठल्या खिडकीखाली, कुठला तुकडा कुठल्या आरशासमोर, ही मांडणी हीच सोनची सगळ्यात मोठी कलाकृती आहे. या वस्तू उद्या एखाद्या प्रशस्त नव्या इमारतीत नीट वर्गवारी करून लावल्या, तर वस्तू राहतील पण सोन राहणार नाही. हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच १८३३ मध्ये त्याने ब्रिटिश संसदेकडून खास कायदा करून घेतला: माझ्या मृत्यूनंतर घर राष्ट्राचं, प्रवेश मोफत, आणि मांडणी शक्य तितकी मी ठेवली तशीच.

कुणी पाहिलंय का? आणि एखाद्या माणसाने आपल्या मृत्यूनंतरही घर ‘असंच ठेवा’ म्हणावं, हे तुम्हाला पटतं का? लिहा.


चुनखडी

सुंदर लिहिलंय. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला या घराचा सेक्शन (उभा छेद) आम्ही पाहून पाहून काढला होता, प्रत्यक्ष बघण्याचा योग फार नंतर आला. कागदावर काढताना जे कळलं नव्हतं ते तिथे उभं राहिल्यावर कळलं: या घराचं खरं बांधकाम उजेडाचं आहे.

लंडनचा हिवाळी उजेड करडा आणि थंड. सोनने छतात ठिकठिकाणी झरोके ठेवले आणि कित्येकांना पिवळी काच बसवली. बाहेर ढग असोत, आत प्लास्टरच्या पांढऱ्या पुतळ्यांवर इटलीतल्या दुपारचा रंग चढतो. इटलीत तरुणपणी जे पाहिलं ते त्याने काचेतून परत मिळवलं, असं मला तिथे वाटलं. शिवाय झरोके एका पातळीवर नाहीत. काही थेट तळघरापर्यंत उजेड सोडतात, काही फक्त एखाद्या मूर्तीच्या खांद्यावर. ‘डोम’ म्हणून जो भाग आहे तिथे वरच्या काचघुमटातून आलेला उजेड दोन मजले उतरून खालच्या शवपेटीवर पडतो. त्या मधल्या पोकळीच्या कठड्यावर एका बाजूला सोनचा स्वतःचा अर्धपुतळा आणि समोर अपोलो बेल्व्हेडेअर या प्रसिद्ध प्राचीन पुतळ्याचा साचा आहे. दोघे एकमेकांकडे बघत उभे.

प्लास्टरचे साचे एवढे का, असं बरेच जण विचारतात. त्यामागे कारण आहे. १८०६ पासून सोन रॉयल अकादमीत वास्तुकलेचा प्राध्यापक होता. तो काळ नेपोलियनच्या युद्धांचा. इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांना रोमला जाणं जवळपास अशक्य झालेलं. मग सोनने व्याख्यानाच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी विद्यार्थ्यांना घर मोकळं ठेवायला सुरुवात केली. या, बघा, हात लावा, मोजा. म्हणजे संग्रहालय व्हायच्या आधीच ते घर शाळा झालं होतं. ‘संग्रह’ म्हटलं की आपल्याला हौस आणि पैसा आठवतो. इथे मुळात एका मास्तराची गरज होती.

आणखी एक, वर गेलात का? दुसऱ्या मजल्यावर ‘मॉडेल रूम’ आहे. मधोमध बुचाच्या लाकडात कोरलेलं पॉम्पेईचं मोठं मॉडेल, १८२० च्या सुमारास उत्खनन जिथवर झालं होतं तिथवरचं. भोवती प्राचीन देवळांची मॉडेलं. बुचाची आहेत ती इमारतींची पडकी अवस्था दाखवतात आणि प्लास्टरची आहेत ती त्याच काळातल्या इमारती नव्या असताना कशा असतील ते. एका खोलीत भग्न आणि अभंग शेजारी शेजारी. मी तिथून हलायला तयार नव्हतो.


उंबरठा (धागाकर्ती)

@चुनखडी, मॉडेल रूम मार्गदर्शकाबरोबरच बघता येते आणि त्या दिवशीच्या फेरीच्या जागा भरल्या होत्या. तुमच्या वर्णनाने आता परत जाणं आलं. विद्यार्थ्यांसाठीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, मूळ लेखात यायला हवा होता.


तांबट

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. मृत्युपत्र करून घर दान करता आलं असतं ना? त्यासाठी संसदेपर्यंत जायची काय गरज? आणि मुलंबाळं नव्हती का?


उंबरठा (धागाकर्ती)

तांबट, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते दुःखद आहे.

सोनला दोन मुलगे मोठे झाले, जॉन आणि जॉर्ज. दोघांपैकी एकाने तरी आर्किटेक्ट व्हावं आणि हे घर, हा संग्रह, हे नाव पुढे न्यावं, एवढी एकच इच्छा. थोरला सतत आजारी, १८२३ मध्ये गेला. धाकटा जॉर्ज लेखक व्हायचं म्हणून निघाला, कर्जबाजारी झाला, तुरुंगातही जाऊन आला. १८१५ च्या सप्टेंबरमध्ये ‘चॅम्पियन’ नावाच्या पत्रात निनावी लेख छापून आले. त्यांत सोनच्या इमारतींची, अगदी या घराचीही जहरी टिंगल होती. लिहिणारा कोण ते आईने ओळखलं. एलिझा आधीच आजारी होती. २२ नोव्हेंबर १८१५ ला ती गेली. सोनने ते दोन्ही लेख चौकटीत बसवून घरात टांगले आणि वर लिहिलं की हे जॉर्जने दिलेले मृत्यूचे घाव.

पुढची बावीस वर्षं त्याने मुलाला माफ केलं नाही. नुसतं मृत्युपत्र केलं असतं तर जॉर्ज ते कोर्टात नेणार हे उघड होतं. संसदेच्या कायद्यापुढे वारसाहक्काचा दावा चालत नाही. विल्यम कॉबेट या खासदाराने संसदेत या विधेयकाला विरोध केला होता, मुलाचा हक्क असा हिरावून घेऊ नये म्हणून. पण कायदा झाला. १८३७ च्या जानेवारीत सोन वारला त्याच दिवशी तो लागू झाला.

म्हणजे ‘अ रेक्स प्रोग्रेस’ची ती उधळ्या मुलाची चित्रं घरात आली तेव्हा जॉर्ज लहान होता. नंतर सोन त्या खोलीत उभा राहून ती बघत असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.


पानगळ

लेख आणि प्रतिसाद दोन्ही आवडले, पण शवपेटीवरून सगळे भरभर पुढे गेले. मला तिथेच थांबायचं आहे.

ही पेटी फेरो सेती पहिला याची. इ.स.पू. तेराव्या शतकातली. जोव्हानी बेल्झोनी या इटालियन माणसाने १८१७ मध्ये राजांच्या खोऱ्यातलं सेतीचं थडगं उघडलं आणि ही पेटी हलवली. तेव्हाचा इजिप्तमधला ब्रिटिश कॉन्सल जनरल (वाणिज्यदूत) हेन्री सॉल्ट याच्यासाठी तो काम करत होता. पेटी लंडनला आली, ब्रिटिश म्युझियमला देऊ केली, किंमत दोन हजार पौंड. म्युझियमने एवढे पैसे द्यायला नकार दिला. १८२४ मध्ये सोनने तेच दोन हजार पौंड मोजले. पेटी आत नेण्यासाठी मागची भिंत पाडावी लागली.

आणि नंतर काय? १८२५ च्या मार्चमध्ये तीन संध्याकाळी मेजवानी. नऊशेच्या आसपास पाहुणे, चित्रकार टर्नर, कवी कोलरिज. घरातले दिवे मालवून पेटीच्या आत दिवे ठेवले. दगड इतका तलम की उजेड आरपार येतो. मला ते दृश्य कल्पनेतसुद्धा सुंदर वाटतं हे मान्य करतो. पण ती एका माणसाची शवपेटी आहे हो. आतून बाहेरून कोरलेला मजकूर मृताने रात्रीच्या बारा दारांतून कसं जायचं हे सांगणारा आहे. तळाशी नूट देवी कोरली आहे, मृताला कुशीत घेण्यासाठी. ज्याच्यासाठी ती कोरली त्याला बाजूला ठेवून तिच्याभोवती रात्रभर पार्टी करायची?

‘मांडणी हीच कलाकृती’ हे तुमचं म्हणणं समजतं. पण त्या मांडणीत दुसऱ्याच्या देशातली, दुसऱ्याच्या थडग्यातली वस्तू आहे. ‘काहीही हलवायचं नाही’ या कायद्याने तिलाही कायमचं जखडून टाकलं आहे. सोनच्या इच्छेचा एवढा मान, आणि सेतीच्या इच्छेचं काय?


चुनखडी

@पानगळ, प्रश्न रास्त आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. दोन तपशील जोडतो.

सेतीचा मृतदेह १८१७ मध्ये पेटीत नव्हताच. प्राचीन काळातच पुजाऱ्यांनी चोरांच्या भीतीने तो दुसरीकडे हलवला होता. १८८१ मध्ये देर अल-बहारीच्या लपवलेल्या साठ्यात इतर राजांबरोबर तो सापडला. तो इजिप्तमध्येच राहिला. म्हणजे राजा एका खंडात आणि त्याची पेटी दुसऱ्या.

दुसरं, पेटी नेली तेव्हा तिथला शासक मुहम्मद अली याची परवानगी सॉल्टकडे होती. पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घालणारा हुकूम त्याच मुहम्मद अलीने १८३५ मध्ये काढला. म्हणून तेव्हाच्या कायद्याने ती चोरी ठरत नाही. पण परवानगी देणाऱ्याला त्या वस्तूंचं मोल तरी ठाऊक होतं का? इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने केला १८२२ मध्ये. १८१७ साली त्या पेटीवर काय लिहिलंय हे जगात कुणालाच वाचता येत नव्हतं. ज्याला वाचता येत नाही त्याची परवानगी मला तरी अर्धीच वाटते.


पानगळ

हे शेवटचं वाक्य मला हवं होतं. धन्यवाद.

आणखी एक बोच सांगतो. मूळचा दगड शुभ्र होता आणि कोरीव अक्षरांत निळा रंग भरलेला होता. लंडनच्या हवेत दगड पिवळट झाला आणि तो निळा रंग जवळपास सगळा गेला. काचेखाली ठेवली ती खूप उशिरा. मी काठाशी वाकून पाहिलं तेव्हा एक-दोन ठिकाणी निळसर ठिपके दिसल्यासारखे वाटले. तीन हजार वर्षं टिकलेला रंग.


दुर्बीण

मी जरा वेगळं बोलतो. मला हे घर झेपलं नाही.

एकाही वस्तूखाली पाटी नाही. कुठलं खरं, कुठलं साचा, कुठलं ग्रीक, कुठलं रोमन, काही कळत नाही. अरुंद वाटा, डोक्यावर लटकणारे दगडी तुकडे, मागून लोक येत असतात, थांबता येत नाही. मी ज्ञान मिळवायला संग्रहालयात जातो. इथून बाहेर पडताना डोळे दिपलेले होते, पण नवीन काय कळलं असं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कायद्याने पाट्या लावायला बंदी असेल तर त्या कायद्याचा लोकांना उपयोग काय?


उंबरठा (धागाकर्ती)

दुर्बीण, तुमची तक्रार खरी आहे, अनेकांची असते. पण तिथे खोल्याखोल्यांत जी माणसं असतात ती नुसती राखण करत नाहीत. विचारलं की भरभरून सांगतात. मला एका मावशींनी गच्च भरलेल्या भिंतीवरचे दोन तुकडे दाखवून एक संगमरवर आणि एक प्लास्टर कसं ओळखायचं ते शिकवलं. संगमरवराच्या कडेला उजेड थोडा आत शिरतो, प्लास्टरवर तो पृष्ठभागावरच थांबतो. पाटी वाचून मला हे कळलं नसतं.

आणि खरं-खोटं, ग्रीक-रोमन असे कप्पे सोनने मुद्दाम मोडले असं मला वाटतं. अस्सल रोमन कलशाशेजारी कोड स्टोनचा, म्हणजे त्याच्या काळात कारखान्यात भट्टीत भाजलेला नमुना त्याने ठेवला. त्याला आकार महत्त्वाचा होता, वंशावळ नाही. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित, पण एकदा काही शोधायला न जाता नुसते फिरून बघा.


दुर्बीण

विचारायचं सुचलंच नाही. लंडनला पुन्हा जाणं झालं तर नक्की करेन. तरी किमान एक छापील नकाशा हातात द्यावा हे माझं मत कायम.


कंदील

‘असंच ठेवा’ या प्रश्नावर दोन-तीन घरं आठवली, म्हणून लिहिते. थोडं अवांतर होईल.

बॉस्टनचं इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियम. व्हेनिसच्या प्रासादांच्या धर्तीवर बांधलेलं, १९०३ मध्ये उघडलं. बाई वरच्या मजल्यावर राहायच्या. १९२४ मध्ये गेल्या तेव्हा मृत्युपत्रात अट: मांडणीत बदल केलात तर सगळं हार्वर्ड विद्यापीठाकडे जाईल. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेशात दोघे आले, पहारेकऱ्यांना बांधलं आणि १३ कलाकृती नेल्या. त्यात व्हर्मीरचं ‘द कॉन्सर्ट’ आणि रेम्ब्रांटचं गालिलच्या समुद्रातल्या वादळाचं चित्र. अजून एकही सापडलेली नाही, एक कोटी डॉलरचं इनाम लागलेलं आहे. रिकाम्या चौकटी भिंतीवर तशाच लटकतात. मी त्या डच खोलीत गेले तेव्हा लोक इतर चित्रांपेक्षा त्या रिकाम्या चौकटींसमोर जास्त वेळ उभे होते.

उलट उदाहरण बार्न्स फाउंडेशनचं. अल्बर्ट बार्न्सने फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन गावात सेझान, रेन्वार, मातीसची चित्रं जुन्या लोखंडी बिजागऱ्या आणि कुलपांबरोबर विशिष्ट रचनेत टांगली आणि बजावून ठेवलं की हलवायची नाहीत. संस्थेकडे पैसा उरला नाही. २००४ मध्ये कोर्टाने परवानगी दिली आणि २०१२ मध्ये सगळा संग्रह शहरात नव्या इमारतीत गेला. खोल्या मात्र होत्या त्याच मापाच्या आणि त्याच मांडणीच्या बांधल्या. आता तिथे कितीतरी जास्त लोक चित्रं बघतात. तरी ज्यांनी मेरियन पाहिलंय ते अजून हळहळतात.

आणि पॅरिसचं निसीम द कामोंदो. मोईझ द कामोंदो या बँकरने अठराव्या शतकातल्या फ्रेंच फर्निचरसाठी हवेली बांधली. एकुलता एक मुलगा निसीम पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये मारला गेला. बापाने सगळं मुलाच्या नावाने देशाला दिलं, काही हलवायचं नाही या अटीवर. १९३६ मध्ये घर लोकांना खुलं झालं. आठ-नऊ वर्षांत त्या माणसाची मुलगी बेआत्रीस, जावई आणि दोन्ही नातवंडं नाझींच्या छळछावण्यांत संपली, घराणं बुडालं. त्या घरात स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी आजही ओळीने लावलेली आहेत. ‘काही हलवू नका’ ही अट मला तिथे अहंकाराची वाटली नाही.


तांबट

कंदील, वाचून गलबलून आलं.

मग माझं मत असं बनतंय की अट चांगली की वाईट हे घराघरावर आहे. सोनच्या बाबतीत तो स्वतः रचनाकार होता, त्यामुळे मांडणी राखणं म्हणजे त्याची इमारत राखणं. इतर कितीतरी धनिकांनी नुसत्या महाग वस्तू गोळा केल्या, त्यांची मांडणी का म्हणून पुजायची?


चुनखडी

तांबट, अगदी मुद्द्यावर बोललात. आणि त्याचा पुरावाही आहे. सोनचं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे बँक ऑफ इंग्लंड, पंचेचाळीस वर्षं खपून उभं केलेलं. १९२५ नंतर हर्बर्ट बेकरने, हो, तोच, नवी दिल्लीच्या सचिवालयाच्या इमारती बांधणारा, आतलं जवळपास सगळं पाडून नवी बँक उभारली. सोनची फक्त बाहेरची तटासारखी भिंत उरली. तिथे ‘जसंच्या तसं’ म्हणणारा कायदा नव्हता.

गंमत नव्हे, पण अंगावर येणारी गोष्ट अशी की १८३० मध्ये सोनने त्याचा सहकारी जोसेफ गँडी याचं एक चित्र प्रदर्शनात ठेवलं होतं. बँक वरून, छप्पर नसलेली, एखाद्या उत्खननातल्या अवशेषांसारखी दाखवलेली. त्याहीआधी १८१२ मध्ये, घर बांधून पुरं व्हायच्या आत, त्याने एक हस्तलिखित लिहिलं. भविष्यातला कुणी पुरातत्त्वज्ञ या घराचे पडके अवशेष बघून कोड्यात पडलाय, हे देऊळ असेल की जादूगाराचा वाडा, असा तर्क लढवतोय. आपली इमारत पडणार हे ज्याला इतकं स्पष्ट दिसत होतं, त्याने कायद्याचा आधार घेतला यात मला नवल वाटत नाही.

‘जसंच्या तसं’ सुद्धा आपोआप राहिलेलं नाही हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या काही अभिरक्षकांनी भरपूर फेरफार केले, वरच्या मजल्यावर राहायला गेले, सोनची आणि एलिझाची खोली मोडली. विसाव्या शतकाच्या शेवटापासून ते हळूहळू पूर्ववत केलं गेलं, दुसरा मजला तर अगदी अलीकडे, दहाएक वर्षांपूर्वी पुन्हा खुला झाला. हे जमलं कारण सोनने जिवंतपणीच घराची वर्णनं छापली आणि खोलीखोलीची जलरंगातली चित्रं काढून घेतली. कुठला कलश कुठल्या फळीवर ते चित्रात पाहून लावता आलं.


पानगळ

चुनखडी, म्हणजे कायदा असूनही बदल झाले आणि नंतर उलटवताही आले. मग एक वस्तू तिच्या मूळ देशाला देऊन तिच्या जागी साचा ठेवणं का अशक्य मानायचं? सोनला स्वतःला साच्यांचं वावडं नव्हतं, त्याचं अर्धं घर साच्यांनी भरलेलं आहे. अपोलोसुद्धा साचाच.


उंबरठा (धागाकर्ती)

पानगळ, हा मुद्दा इतका नेमका आहे की मी विचारात पडले. मांडणी हीच कलाकृती असेल, आणि सोनला आकार महत्त्वाचा वाटत असेल, तर उत्तम साच्याने मांडणी भंगत नाही, हे माझ्याच युक्तिवादातून निघतं. फक्त एक अडचण दिसते: दगडातून आरपार येणारा उजेड प्लास्टरमधून येणार नाही. पण तसाच दगड कोरता येईल की. मला आता सेतीच्या बाजूने बोलावंसं वाटतंय. कायद्यात ‘शक्य तितकं’ असे शब्द आहेत, त्यात जागा आहे असं माझं मत.


दुर्बीण

या चर्चेमुळे ते घर मला पहिल्यापेक्षा जास्त कळलं, हे नोंदवतो.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराचं: प्रवेश फुकट. सोमवार-मंगळवार बंद असतं. एका वेळी थोडेच लोक आत सोडतात, त्यामुळे बाहेर रांग असते, सकाळी उघडायच्या वेळेला गेलेलं बरं. मोठी पाठपिशवी नेऊ नका, वाटा खरंच अरुंद आहेत. अधूनमधून संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात घर दाखवतात, त्याची तिकिटं आधी काढावी लागतात.


कंदील

एक भर. सोनने काही कपाटं आणि खण मोहोरबंद करून ठेवले होते आणि ते १८६६, १८८६ आणि १८९६ मध्ये विश्वस्तांसमोर उघडायचे असं सांगून ठेवलं होतं. लोकांना वाटलं मोठं गुपित निघेल. निघाली बरीचशी घरगुती कागदपत्रं, मुलांच्या भांडणाची पत्रं. साठ वर्षं कुलपात ठेवण्याइतकं ते त्याला सलत होतं.


तांबट

आणि सोनची समाधी कुठे आहे? तीही त्याने स्वतःच रचली असेल.


चुनखडी

हो. सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारात, सेंट पँक्रस स्टेशनच्या मागच्या अंगाला. १८१६ मध्ये एलिझासाठी बांधली, नंतर थोरल्या मुलाला आणि त्यालाही तिथेच ठेवलं. वर चारी बाजूंनी कमानदार उथळ घुमट. लंडनच्या लाल टेलिफोन बूथचा माथा जाइल्स गिल्बर्ट स्कॉटला यावरूनच सुचला असं मानलं जातं. स्कॉट सोन म्युझियमचा विश्वस्त होता. स्टेशनवरून पाच-सात मिनिटं चालायचं, गाडीला वेळ असेल तर सहज होतं. आधी समाधीचा घुमट बघा आणि मग न्याहारीच्या खोलीतला, दोन्हींत एकच हात दिसतो.